नाल्यापलीकडचं गाव : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात आतल्या गावाला निघालेला नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती किलोमीटर?" उत्तर येतं, "असेल बारा-पंधरा." तो मनात हिशेब मांडतो, अर्ध्या तासात पोचू. आणि दुपारी तीन वाजता कुठल्याशा नाल्याच्या काठावर बूट हातात धरून उभा असतो. तिकडं विचारायचा प्रश्न वेगळा आहे : मधे नाले किती, आणि आज त्यांना पाणी किती?

मी जिल्हा परिषदेचा शिक्षक. मूळचा आरमोरीकडचा, धानाच्या बांध्यांतला. नोकरीची पहिली पाच वर्षं अशा एका गावात काढली, जे पावसाळ्यात बेट होतं. दोन बाजूंनी नदी, तिसरीकडं नाला, चौथीकडं डोंगर. हिवाळ्यात त्याच गावासमोर रेतीचा असा पांढराशुभ्र पट्टा उघडा पडतो, की कोकणातून आलेला एक सहकारी म्हणाला होता, "समुद्र तेवढा आणायचा राहिला." अलीकडं नवे गुरुजी, सिस्टर, कॉलेजची पोरं, फोटो काढणारे, सगळेच तिकडं जायचं कसं म्हणून फोन करतात. दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून लिहून ठेवतो. गाव कोणतं ते सांगत नाही, कारण हे एका गावाचं नाहीच. भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या तालुक्यांत अशी गावं पुष्कळ आहेत. रस्ते-पूल दरवर्षी होत आहेत, त्यामुळं काल मुरूम होता तिथं आज डांबर दिसेल. नाले मात्र जागच्या जागी आहेत.

कधी जायचं

नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीपर्यंत. धान कापून झालेलं असतं, नाले पोटरीएवढे उतरतात, रस्ता वाळलेला असतो. रात्री थंडी कडक पडते, नदीकाठी तर जास्तच.

मार्च-एप्रिलही चालेल. मोहफुलांचा हंगाम असतो, गाव पहाटेच टोपल्या घेऊन जंगलात गेलेलं असतं. त्यामुळं सकाळी दहाच्या आत गावात पोचलात तर कोंबड्या आणि म्हातारी माणसंच भेटतील. मोहाखालचा पालापाचोळा जाळतात, रस्त्यावर धूर असतो. मोहफुलं अस्वलालाही आवडतात, तेव्हा झुंजूमुंजू असताना एकट्यानं पायी निघू नका. मे महिन्यात तेंदूपत्ता. तेव्हा ऊन असं असतं की गाडीची सीट चटका देते. माझा सल्ला, मे टाळा.

जून ते ऑक्टोबर नवख्यानं जाऊच नये. "पण आज तर ऊन पडलंय" हे कारण चालत नाही, आणि ते का चालत नाही हे नीट समजून घ्या. भामरागडला तीन नद्या भेटतात : पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती. इंद्रावती ओडिशातल्या कालाहंडीकडून निघते, बस्तर ओलांडून येते. तिकडं पाऊस झाला की इंद्रावती फुगते आणि बाकी दोघींचं पाणी पुढं सरकू देत नाही. अडलेलं पाणी मागं चढतं, पर्लकोटेत, मग तिला मिळणाऱ्या नाल्यांत. म्हणजे तुमच्या डोक्यावर निळं आभाळ आणि पायाखाली चढतं पाणी. आमच्याकडं याला फुगवटा म्हणतात. भामरागडच्या बाजारपेठेत पाणी शिरल्याच्या बातम्या तुम्ही दर पावसाळ्यात वाचता, त्यामागं बहुतेक वेळा हाच फुगवटा असतो.

माझ्या पहिल्या वर्षी सप्टेंबरअखेर मी पगाराच्या कामाला सकाळी नाला ओलांडून बाहेर आलो. पाणी घोट्याच्या जरा वर. चार दिवस पाऊस नव्हता. दुपारी परत काठावर आलो, तर पलीकडून एक म्हातारे बाबा हात हलवून ओरडत होते, "गुरुजी, नोका येऊ जी, पानी चढून रायला!" मला वाटलं, सकाळी तर आलो होतो. दोन पावलं टाकली आणि तिसरं पाऊल सापडेना. तीन दिवस अलीकडच्या गावात एका घरच्या पडवीत काढले. शाळा बंद राहिली ती राहिलीच, वर माझी भाकरी त्या घरावर पडली.

आधी माणूस, मग गाडी

नकाशा नंतर उघडा. आधी त्या गावाशी रोजचं जाणं-येणं असलेला एक माणूस गाठा. तिथले गुरुजी, आशाताई, ग्रामसेवक, किराणा पोचवणारा ट्रॅक्टरवाला, कुणीही चालेल. मुक्कामी बसचा ड्रायव्हर मिळाला तर सोन्याहून पिवळं, कारण कालच्या रात्री रस्ता कसा होता हे त्याला माहीत असतं. त्याला चार गोष्टी विचारा : नाले किती, त्यांतल्या कितींवर पूल किंवा रपटा (सिमेंटचा ठेंगणा पूल) आहे, शेवटचं वाहन कुठपर्यंत जातं, आणि पलीकडं कोणाकडं उतरायचं. शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. पाहुणा कोणाचा, हे ठरलेलं नसेल तर गाव तुमच्याकडं पाहत राहतं आणि तुम्ही गावाकडं.

दुसरं, वाटेतल्या पोलीस मदत केंद्रात थांबून नाव सांगा. हा भाग अनेक वर्षं नक्षल चळवळीच्या छायेत होता. परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, तरी अनोळखी माणूस कुठून आला, कुठं चालला, याची चौकशी होते आणि होणारच. आधार कार्ड जवळ ठेवा, कामाचं पत्र असेल तर त्याची प्रत ठेवा, सरळ उत्तरं द्या. त्यांच्याकडून पुढच्या नाल्याची ताजी खबरही मिळते. मदत केंद्राचे, जवानांचे, पहाऱ्याच्या तटबंदीचे फोटो काढायचे नाहीत. रील तर नाहीच नाही.

आलापल्लीपर्यंत

हा भाग सोपा, म्हणून थोडक्यात. नागपूरहून गडचिरोली साधारण पावणेदोनशे किलोमीटर, तिथून चामोर्शी, आष्टी करत आलापल्ली आणखी सव्वाशेच्या आत. रेल्वेनं येणाऱ्यांना बल्लारशाह जवळ पडतं. तिथून गोंडपिपरीवरून आष्टीला वैनगंगा ओलांडून आलापल्ली. जिल्ह्यात उत्तरेला वडसा म्हणजे देसाईगंजचं स्टेशन आहे, पण भामरागडला जाणाऱ्यासाठी ते उलट्या टोकाला. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळं आमच्या मॅडमलोकांचं तरी आलापल्लीपर्यंत स्वस्तात भागतं.

आष्टी ते आलापल्ली आणि पुढं एटापल्लीकडं सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक ओळीनं असतात. रस्ता त्यांचाच आहे असं समजून बाजूनं चाला, ओव्हरटेकची घाई नको. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट : गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की वैनगंगा चढते आणि गडचिरोलीतून बाहेर पडणारे रस्ते बंद पडतात. २०२० च्या ऑगस्टअखेर असंच झालं होतं. म्हणजे भामरागड लांबच, गडचिरोलीतच अडकाल.

नागपूरहून एका दमात गावात पोचायचं ठरवू नका. मुक्काम आलापल्ली किंवा अहेरीला करा. टाकी इथं पूर्ण भरा. पुढं दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळतं, पण त्यात काय काय असतं ते गाडी बंद पडल्यावर कळतं. पैसे इथंच काढा, तेही दहा, वीस, पन्नासच्या नोटांत. पाचशेची नोट आतल्या गावात दिली तर मोडीसाठी सगळं गाव फिरावं लागतं. आलापल्लीहून पहाटे निघा. पेरमिली, ताडगाव, मग हेमलकसा, आणि तिथून तीनेक किलोमीटरवर भामरागड, असा साधारण ६५ किलोमीटरचा जंगलातला रस्ता आहे. हेमलकशाला बाबा आमटेंनी १९७३ मध्ये सुरू केलेला लोक बिरादरी प्रकल्प आहे. बरेच पाहुणे तो पाहून तिथूनच परततात, आणि खरं सांगायचं तर रस्त्याची सवय नसेल तर त्यात काही वाईट नाही.

कोणत्या गाडीनं

मोटरसायकल. साधी, १०० ते १२५ सीसीची, जी वाटेतल्या कुठल्याही फाट्यावरच्या पोराला दुरुस्त करता येईल अशी. भारी बाइकचं वजन रेतीत आणि डोंग्यात (लाकडी होडीत) दोन्हीकडं नडतं. कार लाहेरीसारख्या मोठ्या गावापर्यंत जाते, पुढं ती तिथल्याच कुणाच्या अंगणात ठेवावी लागते. उंच जीप असली तरी नाल्यातली रेती तिला गिळते, मग बैल शोधावे लागतात. कुटुंब किंवा सामान असेल तर ट्रॅक्टर ठरवा. बाजाराच्या दिवशी आतल्या गावांतून ट्रॅक्टर आणि जीपा येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्या दिवसाचा मेळ घातला की अर्धा प्रवास फुकटात सुटतो, फक्त तांदळाच्या पोत्यावर बसायची तयारी हवी.

सोबत काय घ्यायचं? एक जादा ट्यूब, हातपंप, पंक्चरचं सामान, स्पार्क प्लग, क्लचची वायर. दहा हात नायलॉनची दोरी. टॉर्च आणि तिचे सेल. मच्छरदाणी, ही चैनीची वस्तू नाही. कपडे आणि कागद प्लास्टिकच्या थैलीत, थैलीचं तोंड रबरानं बांधून, मग बॅगेत. पायात पट्ट्याची सँडल. बूट ओले झाले की दोन दिवस वाळत नाहीत, आणि अनवाणी नाल्यात उतरलात तर कापलेल्या बांबूचा खुंट तळपायात शिरतो. पाणी स्वतःचं. तांदूळ, डाळ, तेल, मीठ, चहापत्ती, साखर आपल्या माणसांपुरती आणि यजमानाच्या घरापुरती. बिस्किटाचे पुडे पोरांना वाटत सुटू नका. आधी मीही वाटायचो, मग पोरं माझ्या बॅगेकडंच पाहायला लागली.

दारू घेऊ नका. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तपासणीत बाटली सापडली तर गुन्हा दाखल होतो. गावात मोहाची मिळते ही गोष्ट वेगळी, आणि पाहुण्यानं ती शोधत फिरणं ही त्याहून वेगळी.

नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, पण त्याच्यावर विसंबू नका. तो नदीच्या या काठावरून त्या काठावर सरळ रेघ ओढतो आणि "चार मिनिटं" म्हणतो. टॉवर मिळाला तर मिळाला. प्रत्येक गावात एक टेकाड किंवा एक झाड असतं, जिथं उभं राहिलं की मेसेज जातो. पोहोचल्यावर ती जागा विचारून घ्या, आणि घरच्यांना आधीच सांगा की दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका.

मुरूम, चाकोरी, रेती

डांबर संपलं की आधी मुरूम लागतो. मोठ्या रस्त्यावर पसरलेले मुरमाचे बारीक खडे म्हणजे गोट्याच. वळणावर पुढचा ब्रेक दाबलात की पडलातच. वेग वीस-पंचवीसवर आणा आणि ब्रेक मागचा वापरा.

मग जंगलातली वाट. इथं ट्रॅक्टरच्या आणि बंडीच्या चाकांनी दोन खोल नाळ्या पाडलेल्या असतात, मधे गवताची वरंबी. शहाणे लोक चाकोरी सोडायचा उपदेश करतात. इथं चाकोरी सोडू नका. एक नाळी धरा आणि तिच्यातच राहा. मधेच उडी मारून दुसरीत जायला गेलं की पुढचं चाक वरंबीला घासतं आणि गाडी आडवी होते. फार खोल नाळी असेल तर उतरून गाडी वरंबीवरून हातानं न्या. यात लाज कसली?

फाट्यांवर फसायला होतं. बांबू किंवा लाकूड काढायला केलेल्या वाटा चांगल्या रुंद असतात आणि दोन-तीन किलोमीटरनंतर जंगलात विरून जातात. गावाची वाट बहुधा त्यांच्याहून अरुंद, पण तिच्यावर सायकलची खूण आणि शेण ताजं असतं. माणूस भेटला तर "ही वाट अमक्या गावाला जाते का?" असं विचारू नका. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं, म्हणून तो मान हलवेल. "अमकं गाव कोणत्या वाटेनं?" असं विचारा, म्हणजे त्याला हात दाखवावा लागतो. आणि "जवळच आहे" याचा अर्थ त्याच्या पायानं जवळ.

नदीच्या पात्रात शिरलात की रेती. मोटरसायकलच्या टायरची हवा थोडी कमी करा, चारचाकी असेल तर ३२ वरून वीसच्या आसपास आणा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखा वेग ठेवा, मधे थांबू नका, हँडल घट्ट आवळू नका, ते थोडं डुलू द्या. मागं बसलेल्याला उतरवून चालायला लावा. चाक रुतलं तर रेस वाढवून उपयोग नाही, ते आणखी खाली जातं. गाडी आडवी पाडा, खड्डा रेतीनं भरा, पळसाच्या किंवा सागाच्या डहाळ्या टाका, उभी करा आणि ढकला. काही ठिकाणी गावकरी दिवाळीनंतर श्रमदानातून बांबू-लाकडांचा तात्पुरता पूल घालतात. त्यावरून गाडी चालवत नेऊ नका, आधी सामान उतरवा आणि गाडी हातानं न्या. तो पूल त्यांनी स्वतःच्या घामानं बांधलाय, पुढच्या पावसापर्यंत त्यांना तोच पुरवायचा आहे.

नाला

आता मुख्य गोष्ट. सगळ्या प्रवासात जीव जाण्यासारखी जागा एवढीच.

काठावर आलात की गाडी बंद करा आणि पाच मिनिटं नुसतं पाहा. पाणी नितळ आहे का गढूळ? गढूळ पाण्यात पानं, काटक्या, फेस वाहत असेल तर वरती पाऊस झाला आहे आणि पाणी चढतं आहे. शंका असेल तर पाण्याच्या अगदी कडेला एक काटकी रोवा. पंधरा मिनिटांत ती पाण्यात गेली तर गाडी वळवा. काटकी जिथल्या तिथं राहिली किंवा पाणी मागं सरलं तर पुढचं बघू.

ओलांडायला उतार शोधायचा तो अरुंद जागी नाही. नाला जिथं अरुंद आणि शांत दिसतो तिथं डोह असतो. पात्र जिथं रुंद आहे, पाणी दगडांवरून खळखळतं, तिथं ते उथळ. गुरांच्या पायवाटा पाण्यात जिथं उतरतात ती जागा बहुतेक बरोबर असते, जनावर उगाच खोल पाण्यात जात नाही.

हातात खांद्याएवढी काठी घ्या. काठावरच्या झाडाला टेकवलेल्या काठ्या दिसतील, त्या याचसाठी असतात. पलीकडं पोचल्यावर तिथं ठेवा. बॅगेचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर बॅग काढून टाकता येईल. पाणी ज्या बाजूनं येतं तिकडं तोंड करा, काठी पुढं रोवा, एक पाय हलवा, तो टेकला की दुसरा. पाय उचलू नका, सरकवा. दोघं-तिघं असाल तर एकमेकांचे खांदे धरून, सगळ्यांत दणकट माणूस वरच्या अंगाला. पाणी टोंगळ्याच्या म्हणजे गुडघ्याच्या वर जात असेल आणि ओढ जाणवत असेल तर नवख्यानं परत फिरायचं. याला अपवाद नाही. गावचा माणूस कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर पोतं घेऊन जाताना दिसेल. तो लहानपणापासून तेच करतो आहे, तुम्ही नाही.

रपटा म्हणजे पाण्याखालून जाणारा सिमेंटचा ठेंगणा पूल. तो फसवा असतो. वरून एक वीत पाणी दिसतं, पण मधला तुकडा वाहून गेलेला असू शकतो, आणि शेवाळावरून चाक साबणावरून घसरावं तसं घसरतं. आधी पायी चालून जा आणि या, मगच गाडी घाला. चारचाकीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवा : फूटभर वाहतं पाणी छोटी कार उचलू शकतं, आणि दोन फुटांत जीपही वाहून जाते.

मोटरसायकल पाण्यातून न्यायची तर पहिला गिअर, रेस एकसारखी, क्लच अर्धवट दाबायचा नाही आणि रेस सोडायची नाही. सोडली की सायलेन्सरमधून पाणी आत येतं. पाणी इंजिनच्या वर जात असेल तर चालवूच नका. दोन बांबू आणि चार माणसं मिळाली की गाडी खांद्यावरून पलीकडं जाते, वीस मिनिटांचं काम आहे. आणि मधेच बंद पडली तर? किक मारू नका. मी मारली होती. शाळेची तपासणी होती, उशीर झाला होता, घाईत तीन-चार किका मारल्या. इंजिनात गेलेलं पाणी दाबलं जात नाही, मग आतली दांडी वाकते. आलापल्लीच्या मेकॅनिकनं इंजिन उघडून ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "गुरुजी, हे घरी शोकेसमधे ठेवा." बरोबर पद्धत अशी : गाडी ढकलत काठावर आणा, प्लग काढा, गाडी कलती करून सायलेन्सरमधलं पाणी सांडा, प्लग काढलेला असतानाच किक मारून आतलं पाणी बाहेर फेका, एअर फिल्टर पिळून वाळवा, मग प्लग बसवा.

नदीला पाणी जास्त असेल तिथं डोंगा लागतो. एका झाडाचं खोड कोरून केलेली ती होडी अरुंद असते आणि अंग हललं की डुलते. मधे, तळाशी बसा, दोन्ही हात काठांवर. उभं राहून फोटो काढायचा नाही. नावाडी सांगेल तितकीच माणसं बसतील, वाद घालू नका. तो "उद्या" म्हणाला तर उद्या.

इथल्या माडिया आदिवासींच्या भाषेतले दोन-तीन शब्द इथं उपयोगी पडतात. भेटल्यावर "जोहार". पाणी म्हणजे "एर". आणि "हिल्ले" म्हणजे नाही. नाल्याकडं बोट दाखवल्यावर समोरची म्हातारी मान हलवून "हिल्ले" म्हणाली, तर दुसऱ्या कुणाला विचारत बसू नका.

पोचल्यावर

डिसेंबर-जानेवारीत साडेपाच-सहाच्या सुमारास अंधारून येतं, म्हणून चारच्या आत गावात असायला हवं. गावाच्या सुरुवातीलाच गाडी बंद करा. ज्यांच्याकडं उतरायचं त्यांचं नाव सांगा आणि बोलावेपर्यंत अंगणात थांबा. बाज टाकतील, तिच्यावर बसा. पाण्याचा लोटा येईल. मग गावाच्या पाटलाला किंवा भूमियाला (गावच्या पारंपरिक प्रमुखाला) भेटून, का आलो, किती दिवस राहणार, हे सांगा. ही औपचारिकता नाही. गावात कोण आलं हे त्यांना इतर कुणाकडून कळलं तर त्यांचा अपमान होतो, आणि तुमच्या यजमानाचाही.

गोटुलात म्हणजे गावाच्या सामाईक घरात बोलावल्याशिवाय शिरू नका. गावाच्या कडेला एखादी लहानशी झोपडी दिसली की "किती छान" म्हणत फोटो काढायला धावू नका. ते कुर्माघर असू शकतं, पाळीच्या दिवसांत बायका तिथं राहतात. देवाच्या जागा, मृतांच्या स्मृतीचे दगड, यांच्यावर बसायचं नाही. माणसांचे फोटो विचारून. विचारल्यावर समोरची बाई हसून आत निघून गेली तर ते उत्तरच आहे.

जेवणात भात, डाळ किंवा रानभाजी, कधी नदीचे मासे. दुपारी जावा म्हणजे पातळ आंबील मिळते. पहिल्यांदा चव लागत नाही, पण उन्हातून आल्यावर त्यासारखं काही नाही. जेवणाचे पैसे हातात देऊ नका, बहुतेक घेत नाहीत. आणलेला शिधा आल्याबरोबर घरातल्या बाईंच्या हाती द्यायचा, निघताना नव्हे.

झोपायचं बाजेवर, जमिनीवर नाही, आणि मच्छरदाणीची कड अंथरुणाखाली खोचून. डासांसाठी तर ती हवीच, पण मण्यारसाठीही हवी. हा साप रात्री घरात येतो, झोपलेल्याला चावतो, आणि चावा इतका बारीक असतो की माणसाला कळत नाही. रात्री पोटात दुखलं, डोळ्यांच्या पापण्या जड झाल्या, गिळता येईना, तर पुजाऱ्याकडं वेळ न घालवता माणसाला सरळ दवाखान्याकडं न्यायचं. १०८ ला फोन करायचा तर आधी टॉवरची ती जागा गाठावी लागते, म्हणूनच दिवसा विचारून ठेवायला सांगितलं.

रेतीवर

आता ज्याच्यासाठी पुष्कळ लोक येतात ते. सकाळी सातला धुकं असतं. ते आठच्या सुमारास वर जातं आणि पाण्यापलीकडचं छत्तीसगड दिसायला लागतं. रेतीवर पक्ष्यांच्या पायांची नक्षी, डोंगे उलटे घातलेले, कुणी मासे धरायचं जाळं सोडवत बसलेलं. तास-दोन तास बसा. दुपारी रेती तापते, थांबवत नाही.

पोहायचा मोह होईल. गावची पोरं जिथं डुंबतात तिथंच, आणि त्यांच्यादेखतच उतरा. रेतीची कड वरून घट्ट वाटते पण पाण्याखाली ती एकदम तुटते. टोंगळ्याएवढं पाणी पुढच्या पावलाला गळ्याएवढं होतं. सूर मारायचा नाही. गाडी रेतीवर गोल गोल फिरवायची नाही. तिथंच कुणाच्या कलिंगडाच्या, काकडीच्या वाड्या असतात, आणि जी रेती तुम्ही उडवता तिच्यातच गावाच्या बायका पिण्याच्या पाण्यासाठी झरे खणतात.

परत निघताना आणि नंतर

परतीच्या दिवशी सकाळी लवकर निघा, कारण पहिला नाला अडला तर अलीकडच्या गावात परतायला उजेड हवा. कामाच्या तारखेच्या दोन दिवस आधीच बाहेर पडायचं ठरवा. सोमवारी ऑफिस असेल तर शनिवारी गाव सोडा.

शेवटची गोष्ट लोक विसरतात. महाराष्ट्रातले हिवतापाचे पुष्कळ रुग्ण गडचिरोलीत असतात, त्यात भामरागडचा वाटा मोठा, आणि त्यातला फाल्सिपेरम प्रकार मेंदूपर्यंत जातो. डास चावल्यापासून ताप यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, कधी महिनाही. म्हणजे ताप येतो तेव्हा तुम्ही पुण्यात नाही तर नागपुरात असता, आणि तिथले डॉक्टर व्हायरल म्हणून गोळ्या देतात. गावात असतानाच अंग कसकसलं तर आशाताईकडं बोटाच्या थेंबावरची तपासणी असते, पंधरा-वीस मिनिटांत कळतं. घरी आल्यावर महिन्याभरात थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासायला सांगा. डॉक्टरांनी विचारो न विचारो, "भामरागडकडं जाऊन आलो" हे वाक्य सगळ्यांत आधी बोला.